अकरा घमेली

आदित्य, ते घमेलं खाली ठेव. शेकोटीला माझी ना नाही. लाइट गेलीय, जानेवारीची थंडी आहे, गच्चीवर आलोच आहोत तर विस्तव हवाच. पण त्या घमेल्यात नको. जिन्याखाली रंगाचा रिकामा डबा आहे पत्र्याचा, तो घेऊन ये. आणि हे जिथून काढलंस तिथंच, मी मघाशी चटई काढायला उघडलेल्या खोलीतल्या त्या खिळ्याला परत अडकव. पालथं अडकव, होतं तसं.

आलास? बस. हर्षदा, मोबाइलचा तो उजेड बंद कर बाई, डोळ्यांवर येतो. तुम्हा दोघांना मराठी वाचायला दिलं की घाम फुटतो, निदान ऐका तरी. घमेलं का नको ते सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. माणूस माझ्या ओळखीचा आहे, हयात आहे, इथून मलकपेठेतून रिक्षानं वीस मिनिटांवर अंबरपेठेत राहतो. त्याला विचारलंत तर तो सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. मध्ये हसायचं नाही. भुताखेतांवर माझाही विश्वास नव्हता. चौतीस वर्षं ओव्हरसियरकी केली मी. ज्या गोष्टीला टेप लावता येत नाही, ती गोष्ट मी मानत नसे.

हिम्मतराव त्यांचं नाव. तुम्ही पाहिलंय त्यांना. पांढऱ्या मिशा, उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं. घराणं नांदेडकडचं, शेतकऱ्याचं, पण वडील इकडे हैदराबादला नोकरीला आले ते इथलेच झाले. हिम्मतराव एका कारखान्यात फिटर होते. हात असे, की बंद पडलेलं घड्याळ त्यांच्याकडे बघून चालू व्हावं. तोंड मात्र कडू. दुसऱ्याच्या हातचं काम त्यांना कधी पटलं नाही. अंबरपेठेत मुसी नदीच्या अंगाला प्लॉट घेतला, पंच्याऐंशी साली, आणि दर रविवारी खपून स्वतः घर बांधलं. स्वतः म्हणजे दोघांनी. जयवंतावहिनींनी माती वाहिली, विटा वाहिल्या, संदेश पोटात असताना वाहिल्या. हे जे घमेलं तू आत्ता हातात घेतलं होतंस, ते तेव्हाचं. त्याचं बूड गंजून फुटलं, तर टाकून द्यायचं सोडून या गृहस्थांनी आतून-बाहेरून पत्रा लावून पाच रिव्हेट ठोकले. घरात आणखी दोन घमेली होती. वहिनी हेच घ्यायच्या. म्हणायच्या, याची सवय हाय हाताला.

आता घराचं सांगतो. दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात जो पाऊस पडला, मुसी घराघरांत शिरली, तेव्हा यांच्याकडे गुडघाभर पाणी होतं तीन दिवस. पाणी गेलं, घर धुऊन-पुसून झालं, सगळे विसरले. घर विसरलं नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याखालची माती वाहून गेली होती. वर्षभरानं शेगडीच्या मागच्या भिंतीला चीर पडली. वहिनींनी तिच्यावर कॅलेंडर लावलं. चीर कॅलेंडरच्या खालून बाहेर आली, तेव्हा त्यांनी मोठं कॅलेंडर लावलं. बायकांना घराचं दुखणं आधी कळतं आणि त्या ते शेवटी सांगतात.

हिम्मतरावांनी मला बोलावलं. मी चिरेवर आडवी काचेची पट्टी बसवली, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे, खाली तारीख लिहिली. काच तुटली तर समजायचं, भिंत अजून सरकतेय. दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात काच तुटली.

इथल्या गवंड्यांना, मेस्त्र्यांना दाखवून झालं. एक म्हणाला, कोपरा पाडा आणि खांब टाका. हिम्मतरावांनी त्याला चहासुद्धा दिला नाही. वहिनी म्हणाल्या, "कायको परेशान होता? वय झालं तुमचं. बोलवा की एखाद्या चांगल्या मेस्त्रीला." पण हिम्मतरावांनी मान हलवली, नाही म्हणून. ज्या पायाचा पहिला दगड आपण ठेवला, त्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणजे वाईट हट्ट होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही. मला कौतुकच वाटलं. म्हणून पद्धत मीच सांगितली.

इथं नीट ऐका, पुढचं सगळं यावर आहे. खचलेला पाया एकदम उकरायचा नसतो. भिंतीच्या कडेनं तीन-तीन फुटांचे भाग आखायचे. यांचे सात निघाले. एक भाग खणायचा, पायाच्या खाली टणक जमीन लागेपर्यंत जायचं, काँक्रीट भरायचं, वर ओलं गोणपाट टाकून सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं. मग शेजारचा खणायचा नाही. दोन सोडून पुढचा. शेजारी-शेजारी उघडले तर भिंत अधांतरी राहते. हे झाले दोन नियम. तिसरा नियम मी दरडावून सांगितला. म्हटलं, हिम्मतराव, खणलेला खड्डा त्याच दिवशी भरायचा. उघडा खड्डा रात्रभर ठेवायचा नाही. ठेवलात तर सकाळी घर दिसणार नाही.

एवढं दरडावायचं कारण? मी त्यांना ओळखत होतो. आज खणतील, मग एखादं हत्यार धार लावायला घेतील, आणि खड्डा तसाच राहील आठवडाभर. भीती घातल्याशिवाय काही माणसं शिस्तीत राहत नाहीत. ही माझी तीस वर्षांची सवय. कामगारांना अशीच भीती घालायचो मी.

जानेवारी दोन हजार तेवीसमध्ये त्यांनी सुरुवात केली. आठवड्याला एक खड्डा. हिम्मतराव अडुसष्टचे, वहिनी त्रेसष्टच्या. हे खड्ड्यात, त्या वर. वहिनी पत्र्यावर कालवलेलं काँक्रीट घमेल्यात भरून आणायच्या आणि खाली द्यायच्या. संदेश, त्यांचा मुलगा, कोंडापूरला अकराव्या मजल्यावर राहतो. त्याला कळलं तेव्हा तो फोनवर ओरडला. वहिनींनी त्याला सांगितलं, "बाबा काही करत नाहीत रे, जरा प्लास्टर मारून राहिलेत." आईचं पांघरूण घालणं, दुसरं काय. मी एकदा गेलो बघायला. काम इतकं सुंदर, की मी ओळंबा लावून मुकाट्यानं गुंडाळून ठेवला. वहिनी गोणपाटावर तांब्यानं पाणी ओतत होत्या. ओतून झालं की तळवा दाबून बघायच्या ओल आतपर्यंत गेली का. मला म्हणाल्या, "लेकरासारखं हाय हे भाऊजी. पाणी चुकलं की तडकतंय."

पाचवा खड्डा कोपऱ्याचा. सगळ्यांत खोल. आठ फेब्रुवारी, बुधवार.

त्या दिवशी मी तिथं नव्हतो. जे सांगतो ते हिम्मतरावांनी मला संध्याकाळी सांगितलेलं. दुपारी चारच्या सुमाराला खड्डा अर्धा भरला होता. हे आत वाकून पायाच्या पोटात काँक्रीट ठासत होते. वरून वहिनी म्हणाल्या, "अहो, डावा हात भरून आलाय. जराशी बसू का?"

यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "आता नक्को. अर्धाच झालाय. उघडा ठेवता येत नाही, मधुकररावांनी सांगितलंय."

माझं नाव घेऊन म्हणाले.

वहिनी "हौ" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी आणखी अकरा घमेली आणली. अकराच, कारण फिटर माणूस, मोजायची सवय. अकरावं खाली दिल्यावर त्यांनी विचारलं, "झालं का?"

"झालं."

"आता बसू का?"

"बस की."

त्यांनी गोणपाट टाकलं, तांब्याभर पाणी ओतलं, तळवा दाबून बघितला. घमेलं पालथं घातलं. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसल्या. हिम्मतराव वर आले, हातपाय धुतले. मनातून खुशीत होते, अवघड कोपरा मार्गी लागला म्हणून. आयुष्यात कधी केला नव्हता तो चहा त्यांनी त्या दिवशी स्वतः केला. दोन कप घेऊन मागच्या दारी आले.

वहिनी तशाच बसल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा सात वाजले होते. माणसं जमली होती. हिम्मतराव माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मधुकरराव, तिनं विचारलं होतं हो." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बोलायला माझ्याकडे काही नव्हतं... होतं, पण मी बोललो नाही. ते शेवटी सांगतो.

रात्री निघताना मागच्या दारी ते घमेलं दिसलं. पालथं. मी ते उचललं, स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि इथं आणलं. संदेशला सांगितलं, तुझे बाबा उद्या उठून पुन्हा कामाला लागतील, म्हणून नेतो. खरं कारण ते नव्हतं. मला ते त्या भिंतीशी बघवेना. इथं आणून या गच्चीवरच्या खोलीत खिळ्याला टांगलं आणि कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्या जुडग्यात. तुमची आजी कपडे वाळत घालायला गच्चीवर येते, पण त्या खोलीला हात लावत नाही, पालींना भिते.

आता तुम्हाला एक रीत माहीत नसेल. आपल्यात माणूस गेलं की त्या जागी दहा रात्री दिवा ठेवतात. दिव्याजवळ पीठ पसरतात. गेलेला जीव येऊन जातो आणि पिठात खूण उमटते, असं म्हणतात. कुणाला पाऊल दिसतं, कुणाला पाखराचा पाय, कुणाला पानासारखं काही. सकाळी घरातल्या बायका वाकून बघतात आणि एकमेकींना सांगतात. तेवढाच आधार असतो. हिम्मतरावांकडे सूनबाईनं, प्रियदर्शिनीनं, स्वयंपाकघरात त्याच भिंतीशी, आतल्या बाजूनं, दिवा लावला आणि परातीत ज्वारीचं पीठ पसरलं. वर तळव्यानं सारखं केलं.

पहिल्या सकाळी काही नाही. दुसऱ्या सकाळी नाही. पाचव्या, सातव्या, नाही. पीठ जसंच्या तसं. शेजारच्या त्रिवेणीबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी, पुण्यवान जीव लगेच जातो. हिम्मतरावांना ते पटेना. मला म्हणाले, "रुसून गेली ती. बत्तीस सालची म्हातारी आई माझी, तिनंसुद्धा चिमणीचं पाऊल ठेवलं होतं. ही मला काही ठेवत नाही." त्या दहा दिवसांत हा माणूस मी डोळ्यांदेखत विझताना बघितला. घर राहतं की पडतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं उरलं नव्हतं. तिनं आपल्याला क्षमा केली का, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते सांगणार कोण?

दहावा दिवस शुक्रवारी आला. सतरा फेब्रुवारी. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. घाटावरचं सगळं आटोपून आम्ही दुपारी परत आलो. संध्याकाळी मी निघताना मागच्या दारी उभे होतो, मी, हिम्मतराव आणि संदेश. मी पाचव्या खड्ड्यावरचं गोणपाट बघितलं. ओलं होतं. चांगलं निथळत होतं.

मी संदेशला म्हटलं, "शाबास. एवढ्या गडबडीत पाणी चुकवलं नाहीस."

तो म्हणाला, "मी? मला वाटलं बाबा देतात."

हिम्मतराव माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मी या जागेकडे आलोच नाही दहा दिवसांत."

संदेश म्हणाला, नळ गळत असेल. नळ त्या भिंतीला नाही, पलीकडच्या भिंतीला आहे. मी ते बोलून दाखवलं नाही. घरी आलो.

इथून पुढचं हिम्मतरावांचं. एकदाच सांगितलं त्यांनी मला, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पुन्हा कधी नाही.

संदेश आणि प्रियदर्शिनी वरच्या खोलीत झोपले होते. हिम्मतराव पुढच्या खोलीत चटईवर. स्वयंपाकघराचं दार उघडं. दिव्याचा उजेड दारातून एक वीतभर बाहेर येत होता. दिव्याची शेवटची रात्र. सकाळी तो उचलायचा होता, पीठ पाण्यात सोडायचं होतं. झोप नव्हतीच. उशाशी मोबाइल. त्यांनी वेळ बघितली. दोन वाजून दहा मिनिटं.

मागच्या बाजूला आवाज झाला. पत्र्यावरून घमेलं ओढल्याचा.

मांजर, त्यांना वाटलं. मग पावलं. फरशीवर जोडव्यांचा आवाज. सावकाश. भरलेलं घमेलं घेऊन माणूस चालतं तसा. मग ठप्प... खाली दिल्याचा. मग रिकामी पावलं परत.

एक.

ते उठून बसले. त्यांना आठवलं, घमेलं घरात नाही. मधुकररावांनी नेलंय. बाकीची दोन आत जिन्याखाली, एकात एक.

खर्रर. पावलं. ठप्प.

दोन.

मोजायचं नव्हतं त्यांना. सवय. तीन. चार. सहाव्याला पावलं मध्येच थांबली... श्वास घ्यायला थांबावं तशी. मग पुन्हा चालू. हिम्मतराव मला म्हणाले, "त्या दिवशीही ती थांबली असेल. मी खाली होतो, मला काय दिसणार." सात. आठ. नवव्याला फार वेळ लागला.

दहा.

अकरा.

मग शांत. भिंतीपलीकडून, अगदी रोजच्या आवाजात...

"झालं का?"

त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. हात चटईवर. वर मुलगा झोपलेला, हाक मारता येईना. एक मिनिट गेलं. दोन गेली असतील.

खर्रर...

पहिल्यापासून. पुन्हा.

तेव्हा त्यांना कळलं. ही आजची गोष्ट नाही. दहा रात्री. दहा रात्री ती हेच करतेय. अकरा आणते, विचारते, उत्तर येत नाही, पुन्हा आणते. आणि पाणी देते. पिठाशी येऊन बसायला तिला सवड कुठली? तिला कुणी बस म्हटलेलंच नाही. ज्यानं म्हणायचं, तो पुढच्या खोलीत तोंड फिरवून पडलेला.

भीती तिथं संपली, म्हणाले. उरलं ते भीतीपेक्षा वाईट होतं.

ते उठले. भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. दिवा जळत होता. परातीत पीठ, वर एक रेघसुद्धा नाही. समोर ती भिंत, कॅलेंडर, तुटकी काच. पलीकडे पावलं. नऊ... दहा... ते भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. भिंत गार. अकरा.

"झालं का?"

"झालं." आवाज त्यांचा त्यांना ओळखू आला नाही. "झालं जयवंते. समदं झालं. भरला खड्डा."

मग पलीकडून,

"पाणी?"

"मी देतो पाणी. मी देतो. तू नक्को."

वातीचा आवाज येतो ना, तेल कमी झालं की, तेवढाच.

मग आवाज आला. भिंतीपलीकडून नाही. इथून. आतून. त्यांच्या मागून... हाताच्या अंतरावरून.

"आता बसू का?"

ते वळले नाहीत. वळायचं नाही एवढं त्यांना कळत होतं. कपाळ भिंतीलाच. डोळे मिटलेले. म्हणाले, "बस. बस गं. मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. चुकलं माझं. बस."

मागं काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज झाला. हलकेच. घरात कुणी झोपलं असेल तर उठू नये, इतक्या जपून.

मग काही नाही.

ते तसेच उभे राहिले उजाडेपर्यंत. पाय सुजले, पण वळले नाहीत. साडेपाचला मला फोन केला. म्हणाले, "या." बाकी काही नाही.

मी पोचलो तेव्हा दिवा अजून जळत होता. प्रियदर्शिनी दारात उभी, पदर तोंडाला. संदेश तिच्या मागं. हिम्मतराव खाली परातीजवळ बसले होते. मी वाकून बघितलं.

पिठात पाऊल नव्हतं. पाखराचा पाय नव्हता. एक मोठं गोल उमटलं होतं, ताटलीएवढं, बुडाचं. गोलाच्या आत एका बाजूला ठिगळाची चौकट. आणि चौकटीत पाच ठिपके. चार कोपऱ्यांना चार, मधे एक.

हिम्मतरावांनी बोटानं, न टेकवता, ते ठिपके मला दाखवले. त्यांच्याच हातचे रिव्हेट. म्हणाले, "घमेलं परत आणून ठेवलं होतं का तुम्ही काल?"

मी नाही म्हणालो.

"मग ठेवलं तिनं खाली," ते म्हणाले. आणि हर्षदा, तो अर्ध्या बोटाचा, कडू तोंडाचा माणूस परातीपाशी डोकं टेकवून रडला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

मला वाटलं, सुटलो. निघावं. तेवढ्यात त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "मधुकरराव, एक सांगा. त्या दिवशी मी तिला बस म्हटलं असतं... खड्डा तसाच ठेवला असता एक रात्र... तर पडलं असतं का घर?"

बाळांनो, मघाशी म्हणालो होतो ना, शेवटी सांगतो. दोन टेकू लागले असते. चार फळ्या आणि दोन टेकू, अर्ध्या तासाचं काम. एक रात्र काय, आठ रात्री उघडा ठेवता येतो तो खड्डा. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिस्त राहावी म्हणून मी सांगितलं नव्हतं. माझ्या एका वाक्यावर ती बाई अकरा घमेली चालली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. पडलं असतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं. उरलेले दोन खड्डे मेस्त्रीनं केले, मी टेकू लावून दिले. टेकू कशाला, असं हिम्मतरावांनी विचारलं नाही. माल वाहणाऱ्या बायकांना मात्र ते दर चार घमेल्यांना म्हणायचे, बसा जरा, बाई. नवी काच लावली चिरेवर. अजून शाबूत आहे.

काय म्हणालीस? सांगून टाकायला पाहिजे? हौ. तीन वर्षं झाली, दर वेळी तेच ठरवून जातो मी अंबरपेठेला. चहा होतो, ते काचेची पट्टी दाखवतात, मी परत येतो.

त्या दिवशी सकाळी मी तिथून निघालो तो तडक इथं वर आलो. आजीनं विचारलं, आंघोळ नाही करायची का, तर उत्तरसुद्धा दिलं नाही. खोलीला कुलूप होतं. किल्ली खिशात. उघडलं. घमेलं खिळ्यालाच होतं, मी टांगलं होतं तसं, तोंड भिंतीकडे, बूड माझ्याकडे. अंगावर दहा दिवसांची धूळ.

बुडावर धूळ नव्हती.

आदित्य, तू ते अडकवलंस ना आत्ता? हाताला काही लागलं? बघ... बोटं बघ विस्तवाजवळ. रिव्हेटांच्या कडेला आहे ते अजून, पांढरं. धुतलेलं नाही मी.

ज्वारीचं पीठ आहे.